मागे उरलेले

घरातली गोष्ट गुपचूप बोलायची असली की सगळे धुलाईघरात जमत आणि घसा फोडून बोलत. ऐकणाऱ्याला हे उफराटं वाटेल, पण त्या घराची रीतच तशी पडली होती. चादरी धुणारी मोठाली यंत्रं एकदा घरघरू लागली, की तिथे कुणी छाती पिटून ओरडला तरी पलीकडे घरात अक्षर पोचत नसे. दादाचं लग्न तिथेच ठरलं होतं. आईच्या दुखण्याला नाव काय, हे पहिल्यांदा तिथेच फुटलं होतं. आणि आता बाबांचं काय करायचं, हेही तिथेच ठरणार होतं.

चिमी सकाळच्या बसने येऊन पोचली होती. पन्नाशीला टेकलेली बाई, दुसऱ्या गावच्या इस्पितळात निम्मा जन्म सिस्टर म्हणून काढलेली. वॉर्डातल्या नव्या पोरी तिची चाहूल लागली की सरळ उभ्या राहत. पण या घराचा उंबरा ओलांडला की तिची पुन्हा चिमी व्हायची.

"चपला तिकडेच काढ, गमबूट घाल," वहिनी म्हणाली. "सगळीकडे साबणाचं पाणी आहे. घसरलीस तर तुलाच बांधावं लागेल तुझं प्लास्टर."

दादाने त्या दिवशी कामगारांना मुद्दाम सुट्टी दिली होती. यंत्रं मात्र चालू ठेवली होती. धुळीचं वादळ येऊन गेल्याच्या तिसऱ्या दिवशीही बाहेर धूळ खाली बसली नव्हती; हवेत पिवळट पीठ भुरभुरल्यासारखं झालं होतं आणि सूर्य न घासलेल्या ताटलीसारखा, बिनतेजाचा लटकत होता. त्यामुळे इस्पितळाच्या चादरी आतच, छतापासून जमिनीपर्यंत दोऱ्यांवर टांगल्या होत्या. चौघंजण त्या चादरींच्या मधल्या बोळात उभे राहून भांडत होते.

"महिना झाला," दादा ओरडला. "सकाळी आंघोळ, पांढरे कपडे, पायात बूट. झोपतानासुद्धा बूट. प्रभूने हाक मारली तर नाड्या बांधायला वेळ नको म्हणे!"

"मग त्यात वाईट काय?" आत्याने विचारलं. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. विधवा, गुडघ्यांनी अधू, आणि बायबलातल्या वचनांनी भरलेली. गावातल्या दोन पिढ्यांना चर्चच्या रविवारच्या शाळेत तिनेच दिवे घेऊन वराची वाट बघणाऱ्या दहा कुमारींची गोष्ट शिकवली होती, आणि ज्या पाचजणींच्या दिव्यांतलं तेल संपलं त्यांच्यासाठी दार पुन्हा उघडलं नाही हे सांगताना ती समोरच्या बाकावरच्या पोरांकडे अशी बघायची, की पोरं घरी जाऊन बाटल्या तपासत. "तुम्ही गिऱ्हाइकाची वाट बघता. माझा भाऊ प्रभूची बघतो. तो येईल, तयार असतील त्यांना नेईल, बाकीचे मागे राहतील."

"गिऱ्हाईक येतंय कुठे आत्या! परवा खानावळवाला टेबलावरची कापडं घेऊन आला, तर बाबा त्याचा हात धरून म्हणतात, ही पांढरी होतील रे, तुझं काय?"

"बरोबरच विचारलं," वहिनी म्हणाली. "त्याच्या डागांना साबण पुरत नाही."

चिमीला हसू आलं, दादाला आलं नाही. तो बहिणीकडे वळला.

"मी चर्चच्या पाळकांशी बोललोय. मिशनच्या वृद्धाश्रमात एक खोली रिकामी आहे. संध्याकाळी त्यांची गाडी येईल. बाबांना तू सांगायचं."

"मी?"

"तुझं ऐकतात. इस्पितळात तपासणीला जायचंय म्हण."

"म्हणजे खोटं बोलू?"

"वेळ मारून ने, एवढंच. पुढचं मी बघतो."

"तू काय बघणार?" आत्या कडाडली. "प्रभूला त्याला न्यायचं असेल तर तो वृद्धाश्रमातून नेईल, नाहीतर भर रस्त्यातून नेईल. प्रश्न तुमचा आहे. त्या घडीला तुम्ही कुठे असाल?"

"मी बॉयलरपाशी असेन," दादा म्हणाला. "दुसरं कोण आहे त्याच्याकडे बघायला?"

इतका वेळ वहिनी नवऱ्याच्या बाजूची होती. बाबांमुळे महिनाभर तिचीच सर्वात जास्त फरफट झाली होती. ओल्या हातांनी तिला अंगणात उभं करून बाबा आकाशाकडे बघायला लावत. पण आता तिने चादरीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं, आणि म्हणाली, "मला पण ऐकू आला."

"काय?"

"कर्णा. प्रभू येताना वाजेल म्हणतात तो. परवा दुपारी. लांब, एकाच सुरात. बाबा म्हणाले ऐक, आणि मी ऐकला."

"अगं, बॉयलरची शिट्टी असेल ती. वाफ जास्त झाली की वाजते."

"परवा बॉयलर बंद होता," वहिनी म्हणाली. "तूच बंद केला होतास, साफ करायला."

यंत्रं घरघरत राहिली. दादाने बायकोकडे असं पाहिलं, जसं कुणी आपल्याच खिशातून दुसऱ्याची किल्ली निघाल्यावर पाहतो. आत्याने वहिनीचा हात आपल्या हातात घेतला. आजवर एकमेकींच्या स्वयंपाकाला नावं ठेवणाऱ्या त्या दोघी एकमेकींना चिकटून उभ्या राहिल्या, आणि दादा एकटा पडला.

"धाकट्याला विचारलंत का?" चिमीने विचारलं.

धाकट्या भावाचं नाव त्या घरात कुणी काढत नसे. आईच्या दफनाला सगळं चर्च लोटलं होतं. बाबा म्हणाले होते, ती मेली नाही, निजली आहे, प्रभू येईल तेव्हा उठेल. त्यावर धाकटा उघड्या कबरीपाशी म्हणाला होता, "ती निजलेली नाही. मेलेली आहे. तुम्ही डॉक्टरकडे न्यायच्या ऐवजी प्रार्थना करत बसलात म्हणून मेली. आणि कुणी येणार नाहीये." त्या दिवसापासून बाबांच्या प्रार्थनेत सगळ्यांची नावं येत, त्याचं येत नसे. नदीपलीकडे त्याने कोच आणि खुर्च्या भरायचं दुकान टाकलं होतं. गाव त्याला कोचवाला म्हणे, घर त्याला काहीच म्हणत नसे.

"त्याला कशाला विचारायचं?" दादा म्हणाला. "तो आपल्यातला राहिलाय का?"

*

बाबा पुढच्या खोलीत खिडकीशी बसले होते. अंगात खळ घातलेला पांढरा सदरा, पायात घट्ट बांधलेले बूट. मांडीवर उघडं बायबल होतं, पण ते वाचत नव्हते. खिडकीबाहेर रस्ता नव्हताच. पिवळा पडदा होता.

"आलीस चिमणे? बरं झालं. सगळे एका छपराखाली हवे होते."

"सगळे?"

चिमीने सवयीने त्यांचं मनगट धरलं. नाडी पळत होती, पायऱ्या चढून आलेल्या माणसासारखी.

"गोळ्या घेता ना?"

"संपल्या. आता कशाला?" मग ते तिच्याकडे झुकले आणि लहान मुलाने विचारावं तसं हळूच म्हणाले, "तुला काय वाटतं, आपल्याला कळेल का गं? म्हणजे आवाज होईल, का नुसतं... शांत होईल?"

"कशाबद्दल म्हणताय?"

"शास्त्रात लिहिलंय ना, दोघी जात्याशी बसलेल्या असतात. एक घेतली जाते, एक राहते. जी राहते तिला कसं कळतं? जातं तसंच फिरत असेल ना थोडा वेळ?"

चिमीला वाटलं होतं ही भीती आपण लहानपणी या घरात सोडून गेलो. शाळेतून आल्यावर आईची हाक आली नाही की तिला वाटे: गेली, सगळे गेले, मला ठेवलं. एकदा तर ती मळक्या कपड्यांच्या टोपलीत लपून बसली होती, आई शेजारून साबण घेऊन परत येईस्तोवर. त्या घरात वाढलेल्या प्रत्येक पोराने तशी एक टोपली शोधून ठेवली होती. पण हे कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण जो तयार असतो त्याला भीती वाटत नाही, असं बाबा शिकवत. आणि आज तेच बाबा विचारत होते.

"जरा पडा," ती म्हणाली. "मी गोळ्या घेऊन येते."

खोटं बोलायला ती आली होती, ते ओठावरच राहिलं. बाबांनी चष्मा काढून खिडकीत ठेवला आणि बसल्या बसल्याच डोळे मिटले. धुलाईघराचा आवाज भिंतीतून मधमाश्यांसारखा येत होता. पोळं अजून भांडत होतं.

*

मेडिकलवाल्याने दुकानाची फळी निम्मी ओढून घेतली होती आणि नाकाला ओलं फडकं बांधलं होतं. गोळ्या शोधायला त्याला वेळ लागला.

"काय दिवस आलाय सिस्टर," तो फडक्यामागून म्हणाला. "कुत्रंसुद्धा रस्त्यावर नाही. तुमचे बाबा म्हणतात तेच खरं होतं की काय?"

"दोन दिवसांत पाऊस पडला की धूळ बसेल."

"हो, बसेल," तो म्हणाला, पण फळी पुरती ओढून घेतली.

परत येताना तिला तो आवाज ऐकू आला.

लांब, एकाच सुरात, कुठून येतोय हे न कळणारा. धुळीत तो सगळीकडूनच येत होता. कुणी तरी खूप मोठा श्वास भरून घेतला आहे आणि तो सोडतच राहिला आहे, असा. चिमी थांबली. तिचं डोकं म्हणालं, बॉयलर. पाय मात्र पळत सुटले.

पुढचं दार सताड उघडं होतं. आत दाराशी सगळ्यांच्या चपला ओळीने होत्या: दादाच्या, वहिनीच्या, आत्याच्या जाड तळव्यांच्या. बाबांची खुर्ची रिकामी. बायबल जमिनीवर पालथं. चष्मा खिडकीतच होता, आणि चष्म्याशिवाय बाबांना आपला हातही दिसत नसे.

"बाबा?"

स्वयंपाकघरात नळ वाहत होता. विळीपाशी अर्धा चिरलेला कांदा. तिने दादाला फोन लावला, तर धुलाईघरातून त्याच्या फोनची घंटा ऐकू येऊ लागली. बरं वाटून ती तिकडे धावली. फोन इस्त्रीच्या टेबलावर एकटाच थरथरत फिरत होता. शेजारी गरम इस्त्री चादरीवर आडवी पडली होती आणि तिच्याखाली तपकिरी डाग पसरत चालला होता. तिने वहिनीला फोन लावला. तो स्वयंपाकघरात वाजला.

यंत्रं फिरत होती. गोल काचेमागे चादरी उसळत होत्या, पडत होत्या, पुन्हा उसळत होत्या. बॉयलरच्या झडपेतून वाफ किंचाळत होती. ती टांगलेल्या चादरींच्या बोळात शिरली, एकेक चादर हाताने बाजूला सारत. प्रत्येक चादरीमागे कुणी तरी उभं असल्यासारखं वाटे आणि प्रत्येकीमागे दुसरी चादरच असे. शेवटच्या दोरीपाशी, ज्या जागी मघाशी आत्या आणि वहिनी हात धरून उभ्या होत्या, तिथे वहिनीच्या बोटाने चुरगळलेलं टोक अजून तसंच पिळलेलं होतं.

जातं तसंच फिरत असेल ना थोडा वेळ?

लॉन्ड्रीवाल्याचीच पोर ती. हात आपोआप चालले. तिने इस्त्री उचलली, बॉयलरचा जाळ बंद केला, यंत्रांची मोठी कळ खाली ओढली. शिट्टी बारीक होत गेली आणि मेली. चादरी काचेमागे एकदा उसळल्या आणि बसल्या. मग जी शांतता झाली ती चिमीने त्या घरात जन्मात ऐकली नव्हती. आई गेली त्या दिवशीही नाही.

तिने प्रार्थना करायचा प्रयत्न केला. वॉर्डात मरणाऱ्यांच्या उशाशी कितीदा केली होती. पण शब्द तोंडातच चिकटले. ही प्रार्थना ऐकणारं आता कोणी उरलंय का, हेच कळेना. आणि नवल असं, की रडू आलं नाही. नुसतं वाटलं, एकटं राहायचं नाही. आणखी एक तरी माणूस हवं.

मग तिला वाटलं, सगळे गेले असतील, तर या गावात एकजण मात्र हमखास मागे राहिला असणार.

हा विचार इतका सरळ आणि इतका भयंकर होता की ती घरात क्षणभरही थांबली नाही.

*

नदीवरचा पूल लांब, एरवी गाड्यांनी भरलेला. आज एखादा दिवा धुळीतून यायचा, मोठा व्हायचा, अंगावरून जायचा. पुलाचा कठडा हाताने चाचपत चिमीने तो ओलांडला. धाकट्याच्या दुकानात तिने कधी पाऊल टाकलं नव्हतं. बाबांना कळलं तर, म्हणून. पण कुठे आहे ते तिला नीट ठाऊक होतं. बसमधून जाताना दर वेळी ती त्याच बाजूच्या खिडकीशी बसे.

आत दिवा होता.

दुकानात खुर्च्यांचे सांगाडे, काथ्याचे ढीग, पोट फाडलेले कोच. मधोमध एका उघड्या खुर्चीत, स्प्रिंगांवर नुसतं गोणपाट टाकून, बाबा बसले होते. पांढरा सदरा धुळीने पिवळा झाला होता. समोर धाकटा उकिडवा बसला होता. केस पिकले होते, कमरेला खिळ्यांची पिशवी. बाबांनी त्याचं मनगट दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं, बुडणारा माणूस दोर धरतो तसं.

बाबांनी डोळे बारीक करून दाराकडे पाहिलं.

"कोण आहे?"

"मी. चिमी."

त्यांचा चेहरा आधी उजळला आणि लगेच कोसळला.

"अरेरे पोरी," ते म्हणाले. "तू पण राहिलीस?"

"हो बाबा," चिमी म्हणाली. तिला दुसरं काही सुचलंच नाही. आणि मग तिला रडू फुटलं.

धाकट्याने दुसऱ्या हाताने एक स्टूल ओढून दिलं. "बस ताई. पाणी पी. आणि मला सांग हे काय चाललंय. दार वाजलं, उघडलं तर बाबा. म्हणाले, सगळे गेले रे, मला ठेवलं. मी विचारलं कुठे गेले, तर वर बोट दाखवतात."

"घरात कुणी नाहीये," चिमी हुंदका गिळत म्हणाली. "खरंच नाही. चपला आहेत, फोन आहेत. माणसं नाहीत."

धाकट्याने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. त्याला हसायचं होतं, पण त्यांचे चेहरे बघून तो हसला नाही. त्याने एकदा बाहेरच्या पिवळ्या काळोखाकडे नजर टाकली. या दुकानात बसून त्याने इतकी वर्षं ठासून सांगितलं होतं की असलं काही होत नसतं. तरी त्याने नजर टाकली.

"आणि तुम्ही दोघं इथे का आलात?" त्याने विचारलं.

"तू असशील हे माहीत होतं," बाबा म्हणाले.

"हे कौतुक समजू की शिवी?"

"मला नाही माहीत." बाबांचा आवाज फाटला. "मी जागा झालो, हाका मारल्या. कुणी नाही. तो कर्णा ऐकू आला. मला वाटलं, झालं. आणि मला नवल वाटलं नाही रे. तेच सांगतोय. जन्मभर तयारी केली, सगळ्यांना तयार करत बसलो, आणि मला ठेवलं म्हणून मला एका क्षणाचंसुद्धा नवल वाटलं नाही. वाटलं, बरोबरच आहे."

"का बरोबर?" चिमीने विचारलं.

बाबांनी धाकट्याचं मनगट सोडलं नाही.

"आईबद्दल बोललास ते खरं होतं," ते त्याला म्हणाले. "मला वेळेत उठायला हवं होतं. मी गुडघ्यावर बसून राहिलो."

धाकट्याने मोकळ्या हाताने कमरेची पिशवी सरळ केली. मग म्हणाला, "बोललो ते खरं होतं. पण तिच्या कबरीपाशी बोलायला नको होतं. तिला आवडलं नसतं." त्याने हाताच्या पाठीने नाक पुसलं. "आणि बाबा, मला कुणी ठेवलेलं नाही. मी राहतो इथे."

*

लॉन्ड्रीची गाडी दाराशी थांबली ती ब्रेक करकरवत. आधी दादा उतरला, मग वहिनी, मग दोघांच्या आधाराने आत्या. तिघांच्याही पायात गुडघ्यापर्यंतचे गमबूट होते. आत्याच्या साडीखाली ते असे दिसत होते की दुसऱ्या कुठल्याही दिवशी वहिनी वर्षभर त्यावर हसली असती.

"इथे आहेत!" दादा ओरडला. "देवा! आम्ही चर्च पाहिलं, कब्रस्तान पाहिलं, नदीकाठ पाहिला..." मग त्याला धाकटा दिसला आणि तो दाराशीच थांबला.

बाबा खुर्चीतून अर्धवट उठले. "तुम्ही... गेला नव्हतात?"

"कुठे जाणार? धुलाईघरात होतो," वहिनी म्हणाली. "तुमच्यावरूनच भांडत होतो, मी तर हातातला कांदा अर्धा टाकून, नळ तसाच सोडून गेले होते. आत्या बघायला आल्या तर खोली रिकामी. मग मागच्या दाराने तसेच धावलो."

"मला वाटलं तुम्हाला नेलं. मला टाकून."

आत्या जागच्या जागी थिजली. तिने भावाकडे पाहिलं. तिच्या पिढीतला सर्वात खरा, सर्वात तयार माणूस म्हणून ती ज्याच्याकडे बोट दाखवत आली होती, त्याच्याकडे.

"भाऊ," ती म्हणाली, "माझ्याबद्दल तुला एवढी खात्री होती? मला तर कधीच नव्हती." आणि काथ्याच्या ढिगावरच बसली.

दादा दाराच्या चौकटीशी उभा राहून घाम पुसत होता. तो एकदम म्हणाला, "पण तुम्ही इथवर आलात कसे? चष्मा नाही, काठी नाही. फाटकापलीकडे तुम्ही कुणाचा हात धरल्याशिवाय जात नाही. पुलावर गाड्या आंधळ्यासारख्या धावताहेत."

"हात धरूनच आलो," बाबा म्हणाले. "तुझाच ना?"

"माझा? मी आत्ता येतोय."

बाबांनी वहिनीकडे पाहिलं. तिने मान हलवली. चिमीकडे पाहिलं. मग धाकट्याकडे.

"मी दार उघडलं तेव्हा तुम्ही एकटेच होता, बाबा."

समोर काच कापणाऱ्याचं दुकान होतं. गाडीचा आवाज ऐकून तो रस्ता ओलांडून आला होता आणि दारात उभा राहून मजा बघत होता. तो म्हणाला, "दोघं होते की. मी पाहिलं ना. म्हाताऱ्याला पायरीपर्यंत आणून सोडलं, दार वाजवलं आणि मागे वळून गेला."

"कसा होता?" वहिनीने विचारलं. तिचा आवाज खूप बारीक झाला होता.

"साधाच. चेहरा नाही दिसला, धूळ केवढी. पण कपडे मळके होते, पार माखलेले. लॉन्ड्रीवाल्यांच्या घरातला वाटला नाही, म्हणून तर लक्षात राहिला."

"गेला कुठल्या बाजूला?"

काचवाल्याने हात केला, पण तिकडे आणि इकडे सारखंच पिवळं होतं. वहिनी गमबूट वाजवत रस्त्याच्या टोकापर्यंत गेली आणि परत आली. केसांवर धूळ, ओठ कोरडे. "कुणी नाही," ती म्हणाली. मग नवऱ्याशेजारी उभी न राहता ती आत्याजवळ काथ्यावर जाऊन बसली.

"असेल कुणी तरी वाटसरू," दादा म्हणाला. "म्हातारा माणूस रस्त्यात भेटला, सोडलं आणून. चांगली माणसं असतात की." बोलता बोलता त्याचाच आवाज उतरत गेला.

"काही बोलला का तो, बाबा?" चिमीने विचारलं. "नाव, गाव?"

बाबा आठवू लागले. त्यांचं तोंड जरा उघडं होतं. नाडी बघायला चिमीने हात पुढे केला, तर ती संथ लागली, जेवून निजलेल्या माणसासारखी.

"मी फाटकाशी उभा होतो," ते म्हणाले. "काही दिसेना. त्याने कोपराला धरलं. मला वाटलं दादाच. त्याने विचारलं, कुठे जायचंय? मी म्हटलं, धाकट्याकडे. मग पूलभर गप्पच होतो दोघं. दुसरं काही विचारलं नाही त्याने."

आत्याकडे प्रत्येक प्रसंगाला एक वचन तयार असे; आज तिने फक्त वहिनीच्या केसांवरची धूळ झटकली.

थोड्या वेळाने दादाने चिमीचा फोन मागून घेतला आणि कोपऱ्यात जाऊन मिशनला लावला. "गाडी नका पाठवू," तो म्हणत होता. "नाही, बरे आहेत... नाही, घरी नाहीत." तो अडखळला. भावाकडे पाठ करून उभा होता, तरी सगळ्यांना ऐकू गेलं. "धाकट्याकडे आहेत. हो. माझ्या भावाकडे."

धाकटा उठला. त्याने एका कोचावरचं सामान खाली ढकलून सगळ्यांना बसायला जागा केली, मग दाराशी गेला. चिमीला वाटलं, तो धूळ येते म्हणून दार लावून घेईल. पण तो चौकटीला हात लावून तसाच उभा राहिला, रस्त्याकडे बघत. कुणी येणार नाही असं आयुष्यभर म्हणत आलेला माणूस, कुणी वळून येतंय का ते बराच वेळ बघत राहिला.